पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम : ओळख आणि निदान

काही आजार असे असतात की त्यांचे नाव डॉक्टरांनी उच्चारण्यापूर्वीच रुग्णाच्या तोंडी असते. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, हा त्यांपैकी एक. बोलण्यात त्याला सर्रास 'पीसीओडी' म्हटले जाते. बोरगाव, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्याला नागपूर जवळचे. त्यामुळे मुलीची पाळी दोन वेळा चुकली की आई तिला घेऊन नागपूर गाठते, पोटाची सोनोग्राफी होते आणि 'दोन्ही बाजूंस पीसीओडी' असा शेरा असलेला कागद घेऊन मायलेकी परततात. त्या कागदावरील 'सिस्ट' हा शब्द घरी पोहोचेपर्यंत 'गाठ' झालेला असतो. आणि गाठ म्हटली की कर्करोग, वांझपण, मोडणारे लग्न इथपर्यंत विचार धावू लागतात. मुलगी असते अवघी पंधरा-सोळा वर्षांची.

याच्या अगदी उलट चित्रही मी नेहमी पाहते. पंचविशीतील स्त्री, वर्षातून चार-पाच वेळाच पाळी येते, मानेभोवती काळी झाक आहे, हनुवटीवरचे केस दर पंधरा दिवसांनी काढावे लागतात. तिला याविषयी आजवर कोणी काही विचारलेलेच नसते. 'लग्न झाले की सगळे सुरळीत होईल' एवढाच सल्ला मिळालेला असतो. लग्नानंतर दोन-तीन वर्षे मूल झाले नाही म्हणून ती दवाखान्यात येते, तेव्हा कधी कधी रक्तातील साखरही वाढलेली आढळते.

पहिलीला नसलेला आजार चिकटवला जातो, दुसरीला असलेला आजार कळत नाही. दोन्हींचे मूळ एकच : हे निदान कशाच्या आधारावर करायचे याविषयीचा गोंधळ. तो थोडाफार दूर व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

थोडा इतिहास

हा केवळ शहरी, आधुनिक राहणीचा आजार आहे, असा एक समज आहे. परंतु १७२१ साली इटलीतील वैद्य व्हालिस्नेरी यांनी ज्या स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले, ती एक तरुण, विवाहित, काहीशी स्थूल आणि निपुत्रिक शेतकरी स्त्री होती. तिचे अंडाशय आकाराने मोठे, पांढुरके आणि उंचसखल होते, अशी नोंद त्यांनी केली. पुढे १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची माहिती एकत्रित प्रसिद्ध केली. पाळी न येणे, अंगावर लव वाढणे आणि मोठे झालेले अंडाशय ही लक्षणे त्यांनी एकत्र मांडली. त्यामुळे बरीच वर्षे हा आजार त्या दोघांच्या नावानेच ओळखला जाई.

आजाराचे आजचे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. अंडाशयात दिसतात त्या 'सिस्ट' म्हणजे खऱ्या अर्थाने गाठी नव्हेतच. त्या वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका असतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही हे नाव बदलावे अशी शिफारस केली होती, कारण नावामुळे सगळ्यांचे लक्ष अंडाशयाच्या चित्रावर खिळते आणि मूळ बिघाड बाजूला राहतो.

नेमके काय बिघडते?

आपल्या भागात हे समजावून सांगणे तुलनेने सोपे आहे. संत्र्याच्या झाडाला आंबिया बहारात फूल भरपूर लागते, पण एखाद्या वर्षी ताण नीट बसला नाही की फळधारणा होत नाही. येथेही तसेच घडते. दर महिन्याला अंडाशयात अनेक बीजपुटिका वाढू लागतात. त्यांपैकी एकीने पूर्ण वाढून स्त्रीबीज बाहेर सोडायचे, असा निसर्गनियम. पीसीओएसमध्ये पुटिका वाढू लागतात, पण कोणतीच पुरी पिकत नाही. बीजमोचन होत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि म्हणून पाळी लांबते.

याच्या मुळाशी दोन गोष्टी हातात हात घालून काम करतात. मेंदूतील पियुषिका ग्रंथीकडून येणारे एलएच हे संप्रेरक अंडाशयाला पुरुषी संप्रेरके, म्हणजे अँड्रोजेन, अधिक बनविण्यास भाग पाडते. दुसरीकडे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, म्हणून रक्तात इन्सुलिन वाढते आणि हे वाढीव इन्सुलिन अंडाशयातील अँड्रोजेन आणखी वाढविते. म्हणूनच पीसीओएस हा केवळ गर्भाशयाचा किंवा अंडाशयाचा आजार नाही. त्वचा, केस, वजन, साखर, रक्तदाब आणि मन या सर्वांशी त्याचा संबंध आहे. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असल्याने आईच्या पाळीचा आणि घरातील मधुमेहाचा इतिहास विचारणे अगत्याचे ठरते.

निकष आणि आकडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. मात्र टक्केवारी कोणते निकष लावले यावर फार अवलंबून असते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची पाहणी केली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉटरडॅम निकष लावल्यावर पीसीओएसचे प्रमाण २२.५ टक्के भरले, तर अँड्रोजेनच्या आधिक्यावर भर देणारे निकष लावल्यावर ते १०.७ टक्केच राहिले. मुली त्याच, तपासणी तीच, पण आजारी ठरणाऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली. याच पाहणीत रॉटरडॅम निकषांनी निदान झालेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मुली लठ्ठ नव्हत्या, हीही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतही १८ ते ४० वयोगटात हाच प्रकार दिसला. १९९० च्या अमेरिकी निकषांनी ७.२ टक्के, २००६ च्या अँड्रोजेन-आधारित निकषांनी १३.६ टक्के आणि २००३ च्या रॉटरडॅम निकषांनी १९.६ टक्के.

आज जगभर प्रौढ स्त्रियांसाठी रॉटरडॅम निकषांचेच सुधारित रूप वापरले जाते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये तयार झालेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा तोच आधार आहे. निकष तीन आहेत : अनियमित पाळी, अँड्रोजेनचे आधिक्य, मग ते अंगावर दिसो वा रक्तात सापडो, आणि सोनोग्राफीत दिसणारे विशिष्ट अंडाशय किंवा रक्तातील वाढलेले एएमएच. या तिन्हींपैकी दोन असावेत आणि तशीच लक्षणे देणारी इतर कारणे वगळलेली असावीत.

यातील मर्म असे की पहिले दोन निकष पूर्ण होत असतील, तर सोनोग्राफीची किंवा एएमएचची निदानासाठी गरजच उरत नाही. म्हणजे बहुसंख्य रुग्णांचे निदान आपल्याच दवाखान्यात, बोरगाव-सौंसरला बसून होऊ शकते. मात्र त्यासाठी विचारपूस आणि शारीरिक तपासणी यांना वेळ द्यावा लागतो.

पाळीचा हिशेब

'पाळी वेळेवर येते का?' या प्रश्नाचे उत्तर फारसे उपयोगाचे नसते. अनेकींच्या लेखी दर महिन्याच्या त्याच तारखेला आली तरच पाळी नियमित. पाच दिवस मागेपुढे झाली की ती 'बिघडली'. काही जणी रक्तस्राव थांबल्यापासून दिवस मोजतात. म्हणून एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे, हे आधी सांगावे. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचे अंतर नैसर्गिक आहे.

तारखा आठवत नसतील तर सण विचारावेत. 'पोळ्याला, गोटमारीच्या आदल्या दिवशी आली होती. नंतर थेट लक्ष्मीपूजनाला' असे सांगितले की हिशेब आपोआप लागतो. पोळा श्रावणी अमावास्येचा आणि लक्ष्मीपूजन आश्विनी अमावास्येचे, म्हणजे मधले अंतर सुमारे ५९ दिवसांचे. एवढे अंतर प्रौढ स्त्रीत निश्चितच अनियमित.

पहिली पाळी येऊन किती वर्षे झाली, यावर नियम बदलतो. पहिल्या वर्षी पाळी कशीही आली तरी तो वाढीचाच भाग समजावा. एक ते तीन वर्षांच्या काळात २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ दिवसांपेक्षा अधिक अंतर असेल तर ती अनियमित. तीन वर्षांनंतर २१ पेक्षा कमी, ३५ पेक्षा अधिक, किंवा वर्षातून आठपेक्षा कमी पाळ्या म्हणजे अनियमित. पहिले वर्ष उलटल्यावर एकदा जरी ९० दिवसांहून अधिक खंड पडला, तरी त्याची दखल घ्यावी. वयाची पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल, तर स्वतंत्र तपासणी हवी.

येथे आणखी एक प्रश्न विसरू नये. महालक्ष्म्या, लग्नकार्य किंवा देवदर्शन यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. 'पाळी आणण्याच्या' गोळ्याही औषधाच्या दुकानातून परस्पर घेतल्या जातात. अशा गोळ्यांनी आलेला रक्तस्राव नैसर्गिक पाळी म्हणून मोजला तर सगळा हिशेब चुकतो.

त्वचा आणि केस

ओठावर, हनुवटीवर, छातीवर, पोटावर, पाठीवर, मांड्यांवर जाड, काळे केस येणे हे अँड्रोजेन वाढल्याचे सर्वांत विश्वसनीय दृश्य लक्षण. शरीरावरील नऊ जागांना शून्य ते चार गुण देण्याची फेरिमन-गॅलवे यांची सुधारित पद्धत त्यासाठी वापरतात. बेरीज चार ते सहा किंवा त्याहून अधिक झाल्यास केस अतिरिक्त समजावेत. अडचण एवढीच की डॉक्टरकडे येण्यापूर्वी मुलगी थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करून आलेली असते. दिसले नाहीत म्हणून केस नाहीत, असे मानू नये. किती दिवसांनी काढावे लागतात, हे हळुवारपणे विचारावे. बऱ्या न होणाऱ्या मुरमांचा आणि माथ्यावर विरळ होणाऱ्या केसांचाही विचार करावा, पण केवळ तेवढ्यावरून निदान करू नये.

मान, काखा आणि जांघा येथील मखमली काळी झाक इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. घरी तिला मळ समजून घासघासून धुतले जाते आणि मुलीला अस्वच्छतेबद्दल बोलणी बसतात. ते बोलणे थांबविणे हाही उपचाराचाच भाग आहे.

पुरुषी बदल काही महिन्यांतच झपाट्याने झाले, आवाज घोगरा झाला, टक्कल पडू लागले, तर मात्र तो पीसीओएस मानून थांबू नये. अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत अर्बुद असण्याची शक्यता असते. अशा रुग्णाला विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

इतर कारणे वगळणे

पाळी चुकली की पहिली चाचणी गर्भधारणेची. अविवाहित मुलीच्या बाबतीत हा विषय नाजूक असतो. प्रश्न मुलीला विचारावा आणि उत्तर आईने द्यावे, असे नेहमी घडते. म्हणून काही क्षण मुलीशी एकटीशी, स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत, बोलण्याची सोय प्रत्येक दवाखान्यात असावी.

त्यानंतर टीएसएच आणि प्रोलॅक्टिन पाहावे. प्रोलॅक्टिन वाढलेले आढळले तर चालू औषधे जरूर विचारावीत. पित्तावर दिल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असते आणि या दोन्हींमुळे प्रोलॅक्टिन वाढून पाळी थांबू शकते. मिरगीसाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रियांतही पीसीओएससारखे चित्र दिसते. जन्मजात अधिवृक्क दोषाचा सौम्य प्रकार वगळण्यासाठी १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ही चाचणी सकाळी, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत करावी. पाळी पूर्णच बंद असेल तर एफएसएच पाहावे. वजन झपाट्याने घटलेली, अतिश्रम करणारी किंवा उपाशी राहणारी मुलगी, तसेच जननमार्गाचा क्षयरोग, याही शक्यता आपल्या भागात नजरेआड करू नयेत.

अँड्रोजेनसाठी एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी यांवरून मुक्त अँड्रोजेनचे प्रमाण काढता येते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही चाचणी फसवी ठरते. गोळ्या बंद करून किमान तीन महिने गेलेले असावेत, आणि त्या काळात अन्य साधनाची व्यवस्था असावी. एलएच आणि एफएसएच यांचे परस्पर प्रमाण निदानाच्या निकषांत नाही. उपाशीपोटी इन्सुलिनची चाचणी सरसकट लिहिण्याचेही कारण नाही. रुग्णाचा पैसा जेथे खरोखर उपयोगी पडेल तेथेच खर्च व्हावा.

सोनोग्राफीचे स्थान

२००३ मध्ये एका अंडाशयात दोन ते नऊ मिलिमीटरच्या १२ पुटिका ही मर्यादा ठरली होती. यंत्रे सुधारली, अधिक पुटिका दिसू लागल्या, म्हणून आज योनिमार्गे केलेल्या चांगल्या सोनोग्राफीत २० किंवा अधिक पुटिका, अथवा अंडाशयाचे आकारमान १० मिलिलिटर किंवा अधिक, ही मर्यादा मानतात. अविवाहित मुलींची सोनोग्राफी पोटावरूनच होते. त्यात पुटिकांची मोजणी भरवशाची नसते, म्हणून आकारमानावर भर द्यावा लागतो.

निरोगी तरुणींतही असे अंडाशय मोठ्या प्रमाणावर दिसतात. त्यामुळे पाळी नियमित, अंगावर लक्षणे नाहीत आणि केवळ सोनोग्राफीत शेरा आहे, अशा स्त्रीला पीसीओएस नाही. एएमएचचेही तसेच. प्रौढ स्त्रीत ते सोनोग्राफीऐवजी वापरता येते, परंतु केवळ त्या एका आकड्यावर निदान होत नाही.

किशोरवयीन मुली

आता सुरुवातीला उल्लेख केलेल्या सोळा वर्षांच्या मुलीकडे वळू. पहिली पाळी आल्यानंतर आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी आणि एएमएच वापरू नयेत, असे आंतरराष्ट्रीय सूचना स्पष्टपणे सांगतात, कारण या वयात अनेक पुटिका दिसणे स्वाभाविकच असते. बाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीच्या बाबतीत ही मर्यादा विसाव्या वर्षापर्यंत जाते. या वयात अनियमित पाळी आणि अँड्रोजेनचे आधिक्य हे दोन्ही निकष पूर्ण व्हायला हवेत. एकच असेल तर 'पीसीओएस होण्याची शक्यता असलेली' एवढीच नोंद करावी, त्रासावर उपचार द्यावेत आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासावे. शिक्का मारण्याची घाई करू नये. कागदावरचा शिक्का पुसता येतो, पण घराघरांतून फिरलेली बातमी पुसता येत नाही.

निदान झाल्यावर

निदान पक्के झाले की काम संपले असे नाही. वजन, कमरेचा घेर आणि रक्तदाब नोंदवावा. आशियाई स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा समजतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची साखर तपासणे ही सर्वांत अचूक चाचणी. उपाशीपोटीची साखर एकटी अनेकदा फसवते. ही तपासणी सडपातळ स्त्रीतही करावी आणि एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी. रक्तातील चरबी पाहावी. घोरणे आणि दिवसा पेंगणे यांविषयी विचारावे. उदासीनता आणि चिंता यांचे प्रमाण या स्त्रियांत अधिक असते. तेही प्रश्न विचारूनच कळते. तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, म्हणून तो खंड तसाच चालू देऊ नये.

घरच्यांना काय सांगावे?

समाजबांधवांसाठी, विशेषतः मातांसाठी, थोडे सोप्या शब्दांत. अंडाशयातील या पुटिका म्हणजे कर्करोगाची गाठ नव्हे आणि त्या कापून काढायच्याही नसतात. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होते; काहींना औषधांची मदत लागते इतकेच. उलटपक्षी, पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत, असे समजणेही चूक. तीळ, गूळ, पपई यांवर महिनोन्महिने विसंबून राहू नये. लग्न हा या आजारावरचा उपचार नाही आणि हा आजार लग्नातला अडसरही नाही. वेळच्या वेळी जेवण, रोजचे चालणे आणि पुरेशी झोप यांचा लाभ वजन कमी झाले नाही तरी होतो. हे केवळ मुलीसाठी वेगळे शिजविण्यापेक्षा सगळ्या घरानेच अंगीकारावे.

प्रत्येक घरात भिंतीवर दिनदर्शिका असते. दूध, गॅस, वाढदिवस, सगळ्यांच्या खुणा तिच्यावर होतात. त्याच चौकोनांत पाळीच्या पहिल्या दिवशी एक लहानसा ठिपका करण्याची सवय मुलींना लावावी. सहा महिन्यांचे असे ठिपके समोर असतील तर निदानाचा अर्धा रस्ता रुग्ण येण्यापूर्वीच पार झालेला असतो. आणि आम्हा डॉक्टरांकडून अपेक्षा इतकीच की सोनोग्राफीच्या कागदाआधी ते ठिपके पाहावेत, आणि मुलीचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकावे. ती अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करते.